सुजेचं माप

बारामतीत संधिवाताच्या एका डॉक्टरबाईंकडं मी रक्त काढते. सुया दिवसाअखेर टाकून देता येतात, पण किस्से कुठं टाकणार? ते साचतातच!

सणसरचे दादातात्या ऊसवाले. गुडघे टम्म सुजलेले. एका हातातून रक्त काढलं, तर त्यांनी दुसरा पुढं केला. मग पायजमाच वर सरकवला!

"तात्या, बास की!"

"आसं कसं? मातीचा नमुना चार कोपऱ्यांतनं घेत्यात. एकाच बांधावरचा घिऊन काय कळायचं?"

रिपोर्टात ईएसआर आला ऐंशी. हा आकडा वाढला, म्हणजे अंगात सूज आहे. बाईंचा चेहरा पडला, तात्या मात्र खूश!

"ऐंशी? एकरी ऐंशी टन म्हंजे नंबरच काढला की!"

बाईंनी समजावलं, "अहो, शरीराचे राखणदार तुमच्याच सांध्यांना चोर समजून मारतायत."

"म्हंजे आमच्या वस्तीवरचं कुत्रं! चोर आला की झोपतंय, आन् जावयाला चावतंय."

"त्याला आवरायच्या गोळ्या देते."

"दोन जादा द्या. कुत्र्यालाबी घालतो."

कळंबचे हमीदचाचा आले, तेव्हा मात्र हसू आलं नाही. चाचा बांगड्या भरतात. बोटं सुजून आखडलेली, भरताना काच फुटायची. चार महिन्यांवर लेकीचं लग्न.

"गावातल्या समद्या पोरींना मी भरल्या. माझ्याच लेकीला दुसऱ्यानं भरायच्या व्हय?"

त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी उगाच कापूस पिंजत बसले.

चाचांचा रिपोर्टवर काडीचा विश्वास नाही. दर खेपेला पेटीतली सगळ्यात मोठी बांगडी स्वतःच्याच हातात घालून बघायचे. बोटांच्या गाठींवर अडकली, की म्हणायचे, "हाय अजून सूज."

बाई वैतागायच्या, "चाचा, मी इतकी वर्षं शिकले ती कशाला?"

"व्हय, तुमी शिकलाय, पर बांगडीबी खोटं बोलत न्हाय!"

लग्नाच्या आठ दिवस आधी बाईंनी रिपोर्ट बघितला. "चाचा, सूज उतरली!"

चाचांनी बाहेर येऊन माझ्यासमोर पेटी उघडली. "ताई, हात द्या."

माझा हात असा कडक, की जत्रेतले बांगडीवाले हात जोडतात. "चाचा, फुटतील हो!"

"बघू तर."

अंगठा दाबला, पंजा चेपला, एकेक बांगडी सरकवत नेली. मी श्वास धरून बसलेले. दोन्ही हातांत सहा-सहा!

तेवढ्यात आतून बाई ओरडल्या, "अगं, चाचांचा रिपोर्ट कुठं ठेवलास?"

मी दारातून दोन्ही हात आत घातले आणि खळाखळा वाजवले.