शुक्रवार माझा आहे

कोकणची किनारपट्टी भूगोलाच्या बाई नकाशा न बघता, खडू न उचलता फळ्यावर काढत. वसईपाशी खडू जरा जास्त दाबत आणि म्हणत, "इथे माझं घर." बहरीनमधल्या आमच्या भारतीय शाळेत मी तेव्हा नवी शिक्षिका होते. वर्ग सांभाळायला त्यांनीच मला शिकवलं. "पोरं गप्प हवीत, तर आपण आवाज खाली आणायचा," म्हणायच्या.

बाई विधवा. हूरा नावाच्या वस्तीत एका खोलीत राहायच्या. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्च सुटलं की पुलापलीकडे मुहर्रकला साठ्यांकडे जेवायला जात. साठे पुण्याचे इंजिनिअर, बायकोपासून वेगळे झालेले. दोघं लपूनछपून काही करत नसत, आणि लोकांना नेमकं तेच खुपलं. कुणीतरी शाळेच्या कमिटीकडे तक्रार केली. अध्यक्षांनी बाईंना बोलावून सांगितलं, "गैरवर्तन आहे. राजीनामा द्या, सर्टिफिकेट चांगलं देऊ."

"गैरवर्तन म्हणजे काय, ते लेखी द्या," बाई म्हणाल्या. मुंबईच्या म्युनिसिपल शाळेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथे आरोपपत्र मिळे, उत्तराला मुदत मिळे, चौकशीला शेजारी एक सहकारी बसवता येई. इथे व्हिसाच शाळेच्या हातात. तरी बाई अर्जामागून अर्ज टाइप करत राहिल्या. शेवटी कमिटीने त्यांचं म्हणणं ऐकायचं कबूल केलं.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या माझ्याजवळ आल्या. "कुंदा, माझ्याबरोबर येशील? बोलू नकोस काही. नुसती बस."

"बाई, माझाही व्हिसा शाळेचाच..."

"खरंच गं. मी विचारायलाच नको होतं." आणि धीर द्यावा तसा त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

आत काय झालं ते नंतर शिपायाने सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या वर्गात काय चुकलं ते दाखवा. शुक्रवार माझा आहे." अध्यक्षांनी फाइल मिटली. "खलास."

आठवड्याभरात व्हिसा रद्द झाला. विमानतळावर साठे लांब गाडीपाशीच उभे राहिले. बाईंनीच तसं सांगितलं होतं. सातवीच्या तपासलेल्या वह्या माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

खूप वर्षांनी सुट्टीत वसईला गेले, तेव्हा बाई वारल्याचं कळलं. त्यांच्या भावाने एक फाइल पुढे ठेवली. दर जूनला बाई आमच्या कमिटीला पत्र लिहीत होत्या: माझ्यावरचा आरोप कृपया लेखी कळवावा. उत्तर एकही नव्हतं. भाऊ म्हणाला, "तुम्ही त्या शाळेतल्या ना? तिथे कुणी कधी वाचली का हो ही पत्रं?"

मी तिथेच शिकवत होते. मला ठाऊक नव्हतं.