ऊलाच्या डब्यातली एकच चमची

मारेतनं रविवारी जाळं ओढलं नाही, आणि तिथंच सगळं हुकलं.

आमच्या काठाला रविवार देवाचा, त्या दिवशी कुणी जाळ्याला हात लावत नाही. शनिवारी संध्याकाळी ती बर्फाच्या भोकापाशी जाऊन आली होती. जाळं जड लागत होतं. सोमवारी ओढू, म्हणून ती घरी आली आणि कॉफी पिऊन निजली. रविवारी दुपारी दक्षिणेचं वारं सुटलं, त्यावर पाऊस. सोमवारी बघते तर सरोवरावरचा बर्फ काळा पडलेला. काळा बर्फ म्हणजे कुजका बर्फ, त्यावर कुत्रंसुद्धा पाय टाकत नाही. जाळ्याचे दोन्ही खुंट चाळीस पावलांवर उभे होते. खाली मासे अडकून मरत होते आणि ती काठावर हात चोळत होती.

वसंतात दोन-तीन आठवडे असे येतात की सरोवरावर ना घसरगाडी चालते ना होडी. बेटांवरची माणसं त्याची तजवीज आधीच करून ठेवतात. मारेतची तजवीज त्या जाळ्यात होती. ते मासे चिरायचे, वाळवायचे आणि त्यावर दिवस काढायचे. पण त्या साली बर्फ दहा दिवस आधीच कुजला. घरात तीन-चार दिवसांचं पीठ, चिमूटभर कॉफी, मीठ आणि रेनडियरच्या चरबीचा मुठीएवढा गोळा. बेटावर ती एकटीच. तिच्या धुराड्याचा धूर आम्हाला अलीकडून दिसायचा. धूर आहे म्हणजे बाई आहे, एवढंच आम्हाला कळायचं.

बेटाच्या उत्तरेच्या टोकाला एक खडक आहे. तिथं पाण्याला ओढ असल्यानं वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं, पाणी लवकर मोकळं होतं. तिथून गळ टाकता येतो. पण मारेतनं जन्मात गळ टाकला नव्हता. तिच्या लेखी जाळं म्हणजे पोट आणि गळ म्हणजे गड्यांचा रिकामा खेळ. तिचा नवरा ऊला चुलीपुढं बसून जुने चमचे ठोकायचा, त्याला खाली काटा लावून गळाची चमची करायचा, की ती सुरू व्हायची.

"अवं, घरात जेवायला चमचा ऱ्हायला न्हाय. आता रस्सा काय बोटानं खायाचा?"

"वाडगं तोंडाला लाव. ही चमची बघ, माशाला येड लावंल."

"माशाचं ऱ्हाऊ द्या. तुमास्नी लागलंय त्ये बघा आधी."

ऊलाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं माळ्यावरनं त्याचा पत्र्याचा डबा काढला. आत तीसेक चमच्या. दोऱ्या मात्र सगळ्या ओलीनं कुजलेल्या, ओढल्या की तुटायच्या. धड होता तो एकच नायलॉनचा तंगूस. पोरानं, यौनीनं, रस्त्याच्या कामावर असताना धाडलेला, वीस वाव, कागदसुद्धा न फोडलेला. खडकाखाली तर सगळे धोंडेच. चमची अडकली आणि तंगूस तुटला की संपलं. आणि बाहेरच्या गारठ्यात त्या बुळबुळीत तंगुसाची गाठ बोटांना बसत नव्हती. चुलीपाशी बसून जी चमची बांधायची, तीच दिवसभर.

तिनं मोठी चांदीसारखी चमची उचलली. ऊला ती फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून ठेवायचा. पाहुणा आला की बाहेर काढायचा आणि हात फाकवून माशाची लांबी सांगायचा. पाहुणा जितका नवखा तितके हात लांब जायचे.

दोन दिवस तिनं ती चमची पाण्यात घुसळली. काही नाही. तिसऱ्या दिवशी धोंड्यात अडकली. मारेत खडकावर पालथी पडली, या अंगानं ओढ, त्या अंगानं ओढ, अर्धा तास झटली. सुटली, पण तीन काट्यांतला एक सरळ होऊन. घरी येऊन तिनं उरलेल्या पिठाची पेज केली. पेज कसली, पांढरं पाणी.

मग तिनं डबा मेजावर उपडा केला. खिडकीतनं उजेड येत होता. चांदीच्या चमचीत तिला स्वतःचं तोंड दिसलं, गाल बसलेलं. आजच्या धोंड्याचा चरा सोडला, तर चमचीवर दुसरा ओरखडाच नव्हता. मग तिनं एकेक चमची पालथी करून पाहिली. शेवटी एक तांब्याची हाताला लागली, अंगठ्याएवढी, काळपट, जरा वाकडी. दोन्ही अंगांवर बारीक बारीक ओरखडे. जाळं तरंगतं ठेवणाऱ्या लाकडी तरांगांवर असले ओरखडे तिनं जन्मभर पाहिले होते. माशाचे दात.

"लबाडा," ती मोठ्यानं म्हणाली.

आणि उत्तराला थांबली. ऊलाकडं काहीतरी उत्तर निघालंच असतं, त्याचं कधी अडलं नव्हतं. सहा वर्षांत त्याच्याशी भांडावंसं एवढं कधी वाटलं नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

तिनं कानस घेऊन तांब्याच्या चमचीचे दोन काटे उडवले, एकच ठेवला. धोंड्यात अडकायला तेवढीच कमी जागा. गाठीला थुंकी लावून दाराच्या खिळ्याला अडकवून ओढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी हात सावकाश ठेवला. थंड पाण्यातला मासा पळत नाही, तळाला अर्धवट झोपेत लटकून राहतो, हे जाळं टाकणाऱ्या बाईला सांगायला नको होतं. पण चमची हातात आली की घुसळायचं, कारण ऊला तसं करायचा. आता तिनं चमची तळाला टेकू दिली, वीतभर उचलली, आणि धरून ठेवली. बोटं बधिर झाली तरी धरून ठेवली. दुपारी तंगूस जड झाला. परत धोंडा, म्हणून तिनं एक घाणेरडी शिवी दिली. तर धोंड्यानं मान झटकली.

तांबड्या पोटाचा मासा, कोपरापर्यंत हात होईल एवढा. दगडानं डोकं ठेचून तिनं काळीज तिथंच कच्चं खाल्लं. डोक्याचं कालवण दोन दिवस पुरवलं. त्यापुढं कधी रोज एक, कधी दोन दिवस काहीच नाही.

अठराव्या दिवशी उत्तरेचं वारं आलं आणि बर्फ फुटला. यौनी आणि मी होडी काढली. ती खडकावर पाठमोरी बसलेली.

"आये! आये, जित्ती हायीस न्हवं?"

"मेलेली बाई गळ टाकती व्हय रं? त्ये मशीन बंद कर आधी. खाली मासा आलाय."

आम्ही होडीचं मशीन बंद केलं. मासा आला नाही. तिनं तंगूस गुंडाळला. यौनीनं चमची पाहिली.

"ह्यी? बा तर त्या चांदीच्या..."

"तुझा बा थापाड्या हुता."

यौनीनं पाव दिला. तिनं अर्धा खाल्ला, बाकीचा शालीत घेतला. मग बोलायला लागली. काठावरच्या नीलाला काय झालं, पोरगा का पोरगी? दुकानदाराची म्हैतारी गेली का हाय? पोष्टातला तो लंगडा अजून प्येतो? घरी जाऊन आम्ही आणलेली कॉफी झाली, दुसरी झाली. आम्ही उठायला लागलो की ती परत किटली चढवायची.

"नीलाला काय झालं म्हनलास?"

"पोरगी, आये. सांगितलं की मगाशी."

"व्हय व्हय. आन नाव काय ठेवलं?"