भगवान तांबेची साक्ष

दिघ्याच्या वस्तीत भगवान तांबेचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. मंडणगडाकडून आलेला हा माणूस जन्मभर रंगाच्या कारखान्यात राबला आणि रिटायर झाल्यावर दारातल्या बाकड्यावर बसू लागला. अनोळखी कोणी गल्लीत शिरला की त्याचा प्रश्न ठरलेला, "कोनाकडं जायचंय?" बायका दाराला नुसती कडी घालून पाण्याला जायच्या.

मग पुनर्विकास आला. झोपड्या पाडल्या आणि त्याच जागेवर दोन इमारती उभ्या राहिल्या. रस्त्याकडे तोंड करून बाहेरच्यांना विकायच्या घरांचा टॉवर, आणि त्याच्यामागे नाल्याला खेटून वस्तीवाल्यांची इमारत. आवार एकच, मधे बाग. सातव्या मजल्यावर स्वतःचा संडास, चोवीस तास पाणी पाहून भगवानची बायको गिरजाबाई तोंडाला पदर लावून रडली होती.

भगवान संध्याकाळी बागेत बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचा. टॉवरमधल्या लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. मागच्या इमारतीमुळे भाव पडतील ही धास्ती त्यांना आधीपासूनच होती. त्यात पार्किंगमधून कुणाची तरी बाईक चोरीला गेली. दोन-तीन दिवसांनी वॉचमन विलास भगवानपाशी येऊन घुटमळला.

"काका, इथं नका ना बसू."

"का रे? बाग सगळ्यांची हाय."

"टॉवरवाल्यांच्या ग्रुपवर तुमचा फोटो फिरतोय. हा माणूस रोज टेहळणी करतो म्हणून. मला विचारतात, तू हाकलत का नाहीस. माझी नोकरी जाईल, काका."

भगवानने फोटो बघायला मागितला. वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून काढलेला. मान पुढे, डोळे बारीक. खरोखरच चोर दिसत होता. तो उठला आणि वर गेला. त्यानंतर खाली बसणं बंद.

थंडीच्या दिवसांत मागच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. गिरजाबाई भर दुपारी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. जिन्यातले दिवे कधीचेच गेलेले. वरून कोणीतरी आला, तिच्या कानातल्या कुड्या ओरबाडल्या आणि जाता जाता तिला ढकललं. ती ओरडली. जुन्या गल्लीत अर्धी वस्ती धावली असती. इथं दारं बंद होती, आत टीव्ही चालू होते. भगवान स्वतः तीन मजले वर आडवा पडला होता. त्यालाही काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने एक शेजारीण खाली निघाली तेव्हा ती सापडली. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि कानाच्या पाळ्या फाटल्या होत्या.

पोलिसांनी कॅमेऱ्याचं विचारलं. आवारात कॅमेरे होते, पण सगळे टॉवरवाल्यांचे. मागून पुढे कोण येतं तेवढंच त्यांत दिसायचं.

टॉवरच्या सेक्रेटरी गीतांजली मॅडम फळं घेऊन हॉस्पिटलात आल्या. मनापासून हळहळल्या. म्हणाल्या, "काका, रविवारी आमची मीटिंग आहे. तुम्ही स्वतः येऊन सांगा. काहीतरी मार्ग निघेल."

भगवानला वाटलं, निदान जिन्यात दिवे तरी येतील. इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला आणि सगळं सांगितलं. बायको कशी पडली, आपल्याला कसं कळलं नाही. "जिन्यात नशेवाली पोरं बसतात," तो म्हणाला. "कोन कुठला, काय पत्ता नाय. आमालाच आता राहायची भीती वाटते."

एकजण उठला. "हे त्यांचाच माणूस सांगतोय. आता तरी दोन इमारतींच्या मधे भिंत घालायची की नाही?"

भराभर हात वर झाले.

"मी भिंतीचं नाय बोललो," भगवान उभा राहिला. "दिवा, एखादा कॅमेरा..."

"तो तुमच्या सोसायटीचा प्रश्न आहे, काका," गीतांजली मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्या समोरच्या कागदांकडे बघत होत्या.

भिंत झाली. मागच्यांच्या तक्रारीवरून अधिकारी आले, नुसतं बघून गेले. मागच्या लोकांना नाल्याकडचं फाटक तेवढं उरलं, आणि त्या बोळात रिक्षा शिरत नव्हती. गिरजाबाईला घरी आणलं तेव्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून दम घेताना त्यांच्यातला एक म्हणाला, "तांबेकाकांनीच तर मागितली भिंत." भगवानने ऐकलं. कुणाकुणाला समजावणार?

मुलगी संघप्रिया खांदेश्वरला भाड्याने राहते, तळमजल्यावर, एका खोलीत. आईला तिने तिकडे नेलं. "बाबा, तुमी पण चला," म्हणाली. पण घराला कुलूप दिसलं तर पुनर्वसन खात्याचे तपासणीवाले ताबा काढून घेतात, असं इमारतीत सगळे बोलत होते. घर गेलं तर मग काय उरलं? भगवान एकटाच मागे राहिला.

रोज संध्याकाळी गिरजाबाईचा फोन येतो.

"जेवलाव?"

"जेवलो."

"दार लावून घेता ना?"

"घेतो गं."

"मला कवा नेताव?"

"लिफ्ट चालू झाली की," भगवान म्हणतो.

लिफ्ट चालू होऊन महिना झाला. दिवे मात्र अजून आलेले नाहीत, आणि लिफ्टच्या दाराशी तीच पोरं बसलेली असतात.