भरती उतरेपर्यंत

किनाऱ्यावर त्या दोघींना सगळे सासू-सून म्हणूनच ओळखायचे. सासू मोटरबोट हाकायची आणि सून वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद कयाकमधून पर्यटकांना खारफुटीत, गुहांत फिरवून आणायची. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला गुडघाभर पाण्यातही धडकी भरायची. सासूने तिला आधी पाण्याखाली शांत राहायला शिकवलं, पोहणं नंतर. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचा. त्यामुळे घर म्हणजे या दोघीच. भांडायच्या त्याही पाण्यावरच, कारण घरी पोचेपर्यंत दोघींत तेवढं त्राण उरत नसे.

त्या दिवशी दातांचा एक डॉक्टर आणि त्याची म्हातारी आई, एवढीच गिऱ्हाइकं होती. डॉक्टरला वेगळी कयाक दिली, आजींना सुनेने आपल्या कयाकमध्ये पुढे बसवलं. आजी भारी चौकस. खारफुटीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसली की थांब, खेकडा दिसला की थांब. गुहेच्या तोंडाशी पोचायला त्यांना बराच उशीर झाला.

गुहा म्हणजे कड्यातून आरपार गेलेला बोगदा. त्याच्या पलीकडे, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं एक उघडं तळं होतं. आत-बाहेर करायला दुसरी वाट नाही, आणि भरतीला बोगद्याचं छत पाण्याला टेकायचं.

सासूने बोट तोंडाशीच थांबवली. "पाणी चढायला लागलंय," ती म्हणाली.

सुनेने पाण्याकडे पाहिलं, मग आजींकडे. आजींनी मान वळवून इतक्या आशेने तिच्याकडे पाहिलं, की तिच्या तोंडून निघालं, "एक फेरी मारून लगेच येतो, आई."

सासूने इंजिन बंद करून नांगर टाकला.

तळ्यात शिरताच आजींनी मान वर केली. वर आभाळाचा निळा तुकडा, खाली काठाकाठाने खारफुटी, पाणी हिरवंगार. सुनेने त्यांना जेमतेम एक वळसा घालू दिला आणि कयाक मागे फिरवली. तेवढ्यात बाहेरून एक मोठी लाट बोगद्यातून आत आली, तिच्यामागून दुसरी. समुद्रात कुठेतरी वारा उठला होता. बोगद्यात उजेडाची जेमतेम वीतभर फट उरली होती.

"आता इथेच थांबायचं," ती म्हणाली. "ओहोटी लागली की निघू."

"म्हणजे आपण अडकलो?" डॉक्टरने विचारलं.

"तळ्यात काही धोका नाही, डॉक्टर. फक्त वेळ जाईल."

"फट दिसतेय ना अजून? आडवं पडून जाता येईल."

"छताला कालवं चिकटलीत. त्यांच्या शिंपा सुरीसारख्या कापतात. जाऊ नका."

पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तिचं ऐकत होता, पण डोळे त्या फटीवरून हलत नव्हते. सुनेने वळून आपली कयाक खारफुटीला बांधली, तोच मागे वल्ह्याचा जोरात आवाज झाला. तो बोगद्यात शिरला होता. मग त्याचं हेल्मेट दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ किंकाळी.

सुनेने आजींकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाईला एकटं कसं टाकायचं?

"जा ग बाई," आजी म्हणाल्या. त्यांचे हात कयाकच्या कडेवर घट्ट आवळले होते. "मी कुठे पळून जाणार आहे?"

सुनेने लाइफ जॅकेट काढून टाकलं, कारण बोगद्यात त्याने तिला छतालाच नेऊन चिकटवलं असतं. कपाळावरचा दिवा लावून ती पाण्यात उतरली.

आत डॉक्टर कयाकमध्ये उताणा पडला होता. प्रत्येक लाटेसरशी कयाक वर उचलली जायची आणि त्याला छतावर दाबायची. खांद्यातून रक्त येत होतं.

"लाट उतरली की मी कयाक उलटी करणार. श्वास धरा."

"नको, ताई. नको, नको."

लाट उतरली. तिने सगळा भार टाकून कयाक कलंडवली. पाण्यात पडताच त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली. तिला श्वास घेता येईना, की मान सोडवता येईना. मग तिने अंग सैल सोडलं आणि खाली खाली जाऊ लागली. घाबरलेला माणूस त्याला खाली नेणाऱ्याला धरून राहत नाही. त्याची मिठी सुटली. ती त्याच्या पाठीमागून वर आली, त्याच्या जॅकेटचा पट्टा पकडला आणि पुढची लाट यायच्या आत त्याला तळ्यात ओढून आणलं. त्याची कयाक आतच अडकून राहिली.

त्याला तिने एका झाडाच्या मुळांवर बसवलं. आजींनी आपली ओढणी काढून दिली, तिने ती त्याच्या खांद्याला बांधली.

"लहानपणी खोलीची कडी लावली की दारावर डोकं आपटायचा," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कुठे फाटला. त्यांनी हात लांबवून मुलाचा घोटा धरला आणि मग सोडलाच नाही.

पलीकडून सासूची शिट्टी ऐकू आली. सुनेने आपल्या गळ्यातली वाजवली. उत्तर आलं. त्यानंतर किती तरी वेळ त्या दोघी थोड्या-थोड्या वेळाने शिट्टी वाजवत राहिल्या, आणि एखादं उत्तर यायला जरा उशीर झाला की सुनेचा जीव टांगणीला लागायचा. पाणी मुळं झाकत वर आलं, तिथे थांबलं आणि शेवटी कालवांच्या रेघेखाली उतरायला लागलं. बोगद्यात पहिला उजेड दिसला तो सासूच्या दिव्याचा. ती स्वतःच बोटीवरची जादा कयाक घेऊन आत आली होती.

डॉक्टरचा खांदा बरा झाला. आजींनी नंतर एकदा फोन केला, त्याने कधीच केला नाही.

गुहेतून परतल्या त्याच संध्याकाळी बोट धुताना सून म्हणाली, "आई, मला आजींना नाही म्हणता आलं नाही."

सासूने बोटीवर बादली ओतली. "मला तरी कुठे आलं?" ती म्हणाली. "मी तोंडाशीच तर होते, तरी अडवलं नाही."

पुढे काही दिवसांनी एका सकाळी शहरातून आलेलं एक कुटुंब गुहेच्या तोंडाशी रागावून बसलं, कारण पाणी चढायला लागलं होतं आणि सुनेने आत न्यायला साफ नकार दिला होता. एवढ्या लांबून आलोय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सून माफी मागत राहिली, पण कयाक तिने वळवली ती खारफुटीकडेच. मागे सासूने बोटीचं इंजिन सुरू करून नाक खारफुटीकडेच वळवलं होतं.