मायक्रोस्कोपची वरात

आमच्या धाराशिवच्या संशोधन केंद्रात नवा मायक्रोस्कोप यायच्या आधी त्याचे किस्सेच येऊन बसले. दोघं चहाला टेकले की तिसरा नवा किस्सा घेऊन हजर!

यंत्र म्हणजे लेझर टाकून पेशीचा थर न् थर दाखवणारं. मी तिथला टेक्निशियन. केंद्र सगळ्यांचं, पण जीव टांगणीला लागलेला आमच्या प्रमुख शुभांगी मॅडमचा. तोंडाच्या कॅन्सरचे नमुने त्या पुण्याला पाठवायच्या आणि बरेचसे वाटेतच खराब व्हायचे. त्या दिवशी मॅडमकडं बघवायचं नाही.

*

खरेदी समितीत जाधव साहेब. हयात टेबल-खुर्च्या घेण्यात गेलेली.

"चार लेझर कशाला?"

"सर, प्रत्येकाचा रंग वेगळा असतो."

"मग एकच चांगला बघून घ्या की!"

मॅडमनी बराच वेळ समजावलं. साहेबांना पटलं. सही करत म्हणाले, "घ्या चार. पण मॅचिंग घ्या!"

*

खोली तपासायला कंपनीचा पुणेकर इंजिनिअर आला. त्याला जमीन जराही हललेली चालत नव्हती.

"इथं कधी हादरे बसतात का?" त्यानं आमच्या शिपायाला, दत्तूमामांना विचारलं. मामा सास्तूरचे.

"एकदाच बसला, साहेब, त्र्याण्णवला. अख्खं गाव नवं बांधावं लागलं."

इंजिनिअरच्या हातातला कप थरथरायला लागला.

"घ्या च्या," मामा म्हणाले. "जमीन निवांत हाय. तुमीच लई हलायलाव!"

*

मुरुम गावच्या बसाप्पाअण्णांच्या शेळ्यांना कातडीचा आजार झाला होता. मी फोनवर म्हटलं, "नमुना आणून द्या." अण्णा जीपमधून शेळीच घेऊन आले!

"अण्णा, कातडीचा बारीक तुकडा हवा होता. आणि मशीन अजून आलंच नाही."

"व्हय? मग तवर हिला बांधू कुठं?"

*

शेवटी यंत्र निघालं. खोक्यावर एक पांढरी गोल चकती असते. वाटेत खोकं जोरात आदळलं की ती लाल होते. लाल दिसली तर खोकं उतरवायचंच नाही, सरळ परत. आणि मग यंत्र रांगेतल्या दुसऱ्या केंद्राला! इंजिनिअरनं हे आम्हाला दहादा बजावलेलं.

टेम्पो दारात आला. मागचं फाळकं उघडलं. चकती लालभडक!

मॅडम पायरीवरच बसल्या.

"सॉरी मॅडम," इंजिनिअर म्हणाला, "परत न्यावं लागेल."

"परत? का म्हून?" ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "येरमाळ्याला देवीआईचं दर्शन घेऊन आलोय. नारळ फोडला, खोक्याला कुंकू लावलं..."

"कुंकू कुठं लावलं?"

"त्या गोलात. म्या म्हटलं, कंपनीनं टिळ्याला जागा सोडलीया!"

इंजिनिअर टेम्पोत चढला. अंगठ्यानं चकती पुसली. खाली पांढरीशुभ्र! मॅडमना रडूच फुटलं.

इंजिनिअरनं लाल अंगठ्याकडं पाहिलं. मग हळूच तो स्वतःच्या कपाळाला टेकवला.

"उतरवा," तो म्हणाला.