शिकवून तयार केलेली डॉक्टरबाई

तेव्हा बिबवेवाडी म्हणजे गावच होतं. शेतांच्या कडेला एका परदेशी मिशनचा दवाखाना होता आणि तिथल्या गोऱ्या डॉक्टरबाईंना मराठी शिकवायचं काम माझ्याकडे होतं. शाळा सुटली की मी कसबा पेठेतून सायकल हाणत तिकडे जायची. "बाटवतील हं तुला," असं सासूबाई म्हणत. बाटवणं राहू दे, त्या बाईंकडून 'ळ' म्हणवून घेतानाच माझा जीव जात होता. विचारायचं असे 'कळ येते का?' आणि तोंडातून निघे 'काल येते का?' दिवस भरलेली एक बाई वैतागून म्हणाली, "काल कुठं आल्ते? आजच आलीया."

पण डॉक्टरबाई चिकट होत्या. चुकत, हसून घेत, पुन्हा म्हणत. एकदा एक सासू अडलेल्या सुनेला घरी न्यायला निघाली, तेव्हा त्यांनी तिला दारातच गाठलं. "आजी, घरी नेलीत तर पोरगी हातची जाईल. मग बाळाला कोण पाजणार, तुम्ही?" सासू मुकाट्याने बाकावर बसली. इतका अभिमान मला माझ्या मॅट्रिकच्या मुलींचाही कधी वाटला नव्हता.

आणि आता कुठे गाडी रुळावर येतेय, तोच त्यांच्या देशातल्या मुख्य कचेरीतून हुकूम आला. आफ्रिकेत जा. तिथे दुसरा दवाखाना, दुसरी भाषा.

"नाही म्हणून सांगा," मी म्हटलं.

"आम्ही निघतानाच शब्द दिलेला असतो. पाठवतील तिथे जायचं."

"आणि इथल्या बायकांना काय शब्द दिला होतात?"

त्यांचे डोळे भरले होते, पण ट्रंक भरणारे हात थांबले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

मी कॅम्पात मिशनच्या प्रमुख बाईंकडे गेले. त्यांनी चहा मागवला. "आपली कळकळ समजते, पण हे सगळं देवाच्या इच्छेनं चालतं."

"मग पुढच्या डॉक्टरबाईंना मराठीही देवालाच शिकवू दे," म्हटलं, आणि चहा न घेताच उठले.

पुढच्या डॉक्टरबाई आल्या. मी गेले नाही. बुधवार पेठेत खरेदी करताना तेव्हा दवाखान्यात बाकावर बसलेली ती सासूच भेटली. म्हणाली, "नवी डाक्टरीण चांगली हाय म्हनत्यात, पर तिला आपलं काय बी कळत न्हाई. बाया जायाच्या बंद झाल्या."

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. नव्या बाई अगदी तरुण होत्या, वही उघडून तयार बसल्या होत्या. मी इंग्रजीत विचारलं, "किती वर्षं राहणार?"

"ते मला कोणी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी मुळाक्षरांचं पुस्तक पिशवीतच ठेवलं. ताप, उलटी, रक्त, इथूनच सुरुवात केली.