सहा पेडवे

रत्नागिरीतल्या खानावळीच्या त्या वाढप्याचं नाव मी विचारलं नाही. खांद्यावरच्या फडक्याची तो सारखी घडी घालायचा. आम्ही बुलढाण्याकडचे हे कळताच आईला म्हणाला, "मावशी, पापलेट घ्या. पेडव्यांत काटे फार, तुम्हाला जमायचे नाहीत."

"पेडवेच आना भाऊ. आमच्या पूर्णा नदीच्या माशाइले का कमी काटे राह्यतेत?"

काटा अडकेल म्हणून तो पाण्याचा जग घेऊन तिच्याशेजारीच थांबला. आईनं सहा पेडवे खाल्ले आणि सहा अख्खे सांगाडे ताटाच्या कडेला ओळीनं मांडले. ते ताट त्यानं आत नेऊन आचाऱ्याला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला मेनूकार्ड दिलंच नाही. "मावशी, आम्ही आत जेवतो तेच तुम्हाला आणतो."

मीही तेच मागितलं. तेव्हा तो जग घेऊन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.